‘समंजस मनुष्य’ आणि विकलांगता : फौजदारी न्यायातील एका निकषाची चिकित्सा

फौजदारी कायद्यातील ‘समंजस मनुष्य’ हा निकष वस्तुनिष्ठ मानला जातो. परंतु हा मनुष्य धडधाकट आहे, त्याची बुद्धी वयानुरूप आहे, हे न सांगताच गृहीत धरलेले असते.

इंग्लंडमधील बेडर खटल्यात (१९५४) नपुंसकत्वावरून हिणवले गेलेल्या अठरा वर्षांच्या आरोपीची ही अवस्था समंजस मनुष्याच्या ठायी कल्पिता येणार नाही, असे हाउस ऑफ लॉर्ड्सने ठरविले. ज्या व्यंगामुळे टोमणा जिव्हारी लागतो, तेच वगळल्यावर प्रक्षोभाचे मोजमाप कशाचे करावयाचे? कॅम्पलिन खटल्याने (१९७८) ही चूक सुधारली. व्यंगामुळे अपमानाची तीव्रता वाढते, हे मान्य झाले. मात्र संयमाची अपेक्षा सामान्य माणसाचीच राहिली. २००९ च्या इंग्लिश कायद्यातही साधारण हाच भेद आहे आणि तो योग्य आहे. विकलांगांकडून कमी संयमाची अपेक्षा ठेवणे ही सवलत नसून अवहेलनाच होय.

निष्काळजीपणाचा विचार मात्र निराळा आहे. इलियट खटल्यातील (१९८३) चौदा वर्षांची मंदगती मुलगी रात्रभर जागी होती. तिने एका शेडमध्ये ज्वालाग्राही द्रव ओतून पेटविला. धोका तिच्या आकलनापलीकडचा होता, म्हणून खालच्या न्यायालयाने तिला सोडले. वरिष्ठ न्यायालयाने ‘समंजस व्यक्तीला धोका दिसला असता’ या कारणास्तव तिला दोषी ठरविण्याचा आदेश दिला. जे कळणे शक्यच नव्हते, ते न कळल्याबद्दल ही शिक्षा! हा निकष २००३ मध्ये ‘आर विरुद्ध जी’ खटल्यात टाकून देण्यात आला.

आपल्याकडे नानावटी खटल्यात (१९६१) सर्वोच्च न्यायालयाने आरोपीच्याच सामाजिक वर्गातील, त्याच परिस्थितीतील समंजस मनुष्य कल्पिला. वर्ग विचारात घेता येतो, तर देह का नाही? भारतीय न्याय संहितेचे कलम २२ मनोविकलतेपुरतेच आहे. कर्णबधिर आरोपीला त्याचा उपयोग नाही. कलम १०६ खालील निष्काळजीपणाच्या खटल्यात अशा वाहनचालकाची तुलना काळजी घेणाऱ्या कर्णबधिर चालकाशी व्हावी. हॉर्न ऐकू आला नाही, हा त्याचा दोष नव्हे. पण ऐकू येत नाही हे ठाऊक असूनही आरशाकडे लक्ष न देणे हा दोष ठरेल.