खुर्द, बुजुर्ग आणि सत्तेची पदावली

सत्तेचे आकलन तिच्या घोषणांवरून करण्याची आपल्याला सवय आहे. घोषणा सरकारांबरोबर बदलतात. शासनव्यवहाराची पदावली मात्र सरकारे बदलली तरी टिकते, आणि म्हणूनच ती अधिक विश्वसनीय पुरावा ठरते. मराठी समीक्षेने ही पदावली ‘वाङ्‌मयबाह्य’ म्हणून बाजूला ठेवली. हे बाजूला ठेवणे आपल्याला परवडलेले नाही, असे प्रस्तुत लेखात भंडारा जिल्ह्यातील दोन गावांच्या आधारे मांडावयाचे आहे.

पवनी तालुक्यातील गोसेखुर्द आणि तुमसर तालुक्यातील डोंगरी बुजुर्ग ही ती दोन गावे. ‘खुर्द’ म्हणजे धाकटे, ‘बुजुर्ग’ म्हणजे थोरले; पश्चिम महाराष्ट्रात याच फार्सी शब्दाचे ‘बुद्रुक’ झाले. जुन्या महसुली दप्तराने ही विशेषणे दिली तीही सत्तेचीच भाषा होती, हे विसरता येत नाही. परंतु त्या भाषेत गावाची तुलना गावाशीच होत असे. आज एका गावाचे नाव वैनगंगेवरील धरणाला आहे, दुसऱ्याचे मँगनीजच्या खाणीला. दोन्ही ठिकाणच्या माणसांना आणि मातीला मिळालेली नवी विशेषणे गावाबाहेर ठरली आहेत.

गोसेखुर्द प्रकल्पाची पायाभरणी २२ एप्रिल १९८८ रोजी तत्कालीन पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्ते झाली. १९८३ साली सुमारे ३७२ कोटी रुपये असलेला अंदाजित खर्च पुढे अठरा हजार कोटींच्या वर गेला. नियोजित सिंचनक्षमता २,५०,८०० हेक्टर. जलाशयाला ‘इंदिरासागर’ हे नाव मिळाले आणि ‘खुर्द’ गावाच्या नावाशेजारी ‘सागर’ येऊन बसला. या सागराखाली ज्यांची घरे आणि शेते गेली, त्यांच्यासाठी शासनव्यवहारात रूढ झालेला शब्द ‘प्रकल्पग्रस्त’ असा आहे.

या शब्दाचे वाचन आपण कधी केलेले नाही. ‘ग्रस्’ म्हणजे गिळणे. व्युत्पत्तीच्या पातळीवर शब्द विलक्षण प्रामाणिक आहे : प्रकल्पाने गिळलेला तो प्रकल्पग्रस्त. पण शब्दाचा अर्थ व्युत्पत्तीपेक्षा त्याच्या सोबत्यांवरून ठरतो, आणि येथे सोबती आहेत दुष्काळग्रस्त, पूरग्रस्त, भूकंपग्रस्त. या पंक्तीत बसताच मंत्रिमंडळाचा एक निर्णय नैसर्गिक आपत्तीच्या जातीचा होतो. पुराला जाब विचारता येत नाही. पुरानंतर मदत मागावयाची असते. ग्रहणात दान मागावे तशी ती मागितली जाते, आणि तिला नावही साजेसेच मिळते : ‘सानुग्रह अनुदान’. हक्काच्या जागी अनुग्रह आला, याची नोंद या शब्दातच आहे.

वाक्यरचना हेच कार्य पूर्ण करते. ‘जमीन संपादित करण्यात आली’, ‘गावठाण स्थलांतरित करण्यात आले’ : या ‘-ण्यात आले’ रचनेत कर्त्याची जागा रिकामी ठेवता येते आणि वाक्य तरीही पूर्ण वाटते. कायद्यांच्या नावांतही हा प्रवास दिसतो. महाराष्ट्राच्या १९७६च्या पुनर्वसन कायद्याच्या इंग्रजी नावात ‘विस्थापित’ या अर्थाचा शब्द होता. १९८६ आणि १९९९च्या कायद्यांच्या नावांत ‘बाधित’ या अर्थाचा शब्द आला. संज्ञेची व्याप्ती वाढली, हा लाभ खरा. परंतु ‘विस्थापित’ म्हणताच ‘कोणी हलविले?’ हा प्रश्न जितका सहज उठतो, तितका ‘बाधित’ म्हणताना उठत नाही.

यावर एक गंभीर आक्षेप संभवतो. ‘प्रकल्पग्रस्त’ ही अन्याय झाकणारी संज्ञा असेल, तर त्याच संज्ञेचा दाखला घेऊन शासकीय नोकरीतील पाच टक्के समांतर आरक्षण मागता येते, मोर्चाच्या फलकावर तोच शब्द लिहिला जातो, त्याचे काय? हा आक्षेप मान्य केला पाहिजे. दुबळ्यांना स्वतःचे शब्द घडविण्याची सवड नसते. हाती आलेल्या शब्दालाच ते हत्यार करतात. मात्र दाखला मिळवण्यासाठी आधी आपण गिळले गेलो आहोत हे सिद्ध करावे लागते, ही अट त्यामुळे रद्द होत नाही.

दुसरा शब्द अधिक दूरवरून आला आहे. मध्यप्रांतातील मँगनीजसाठी १८९६ साली एक ब्रिटिश सिंडिकेट स्थापन झाले. १९६२ मध्ये त्या व्यवसायात भारत सरकार आणि राज्ये भागीदार झाली. १९७७ मध्ये कंपनी पूर्णतः शासनाची झाली. २०१० मध्ये ‘मॉइल’ या नावाने ती शेअर बाजारात उतरली. डोंगरी बुजुर्गचे धातुक पोलादाला लागते, तसेच बॅटरीलाही. ते बॅटरीत वापरले जाते म्हणून आज जागतिक सत्तास्पर्धेत त्याला नवे मोल आले आहे. अमेरिकेच्या २०२२च्या आणि युरोपीय संघाच्या २०२३च्या ‘महत्त्वपूर्ण खनिजां’च्या यादीत मँगनीज आहे. भारताने जून २०२३ मध्ये जाहीर केलेल्या तीस खनिजांच्या यादीत ते नाही.

म्हणजे तुमसर तालुक्यातील एकच दगड वॉशिंग्टन आणि ब्रुसेल्समध्ये महत्त्वपूर्ण, दिल्लीत तसा नाही. यात विसंगती नाही. ‘महत्त्वपूर्ण’ हा दगडाचा गुण नसून ज्याच्याकडे तो दगड पुरेसा नाही त्याच्या चिंतेचे नाव आहे. परंतु ‘कोणासाठी?’ हे चतुर्थीचे पद वाक्यातून गळते आणि नात्याचा गुणधर्म होतो. गोसेखुर्दला कर्ता गळाला, डोंगरी बुजुर्गला संप्रदान. जो खाणीत उतरतो त्याच्यासाठी हे खनिज किती महत्त्वाचे, हे मोजणारी यादी कोणत्याही राजधानीत तयार होत नाही.

विश्वास पाटील यांनी धरणग्रस्तांवरील आपल्या कादंबरीला १९९१ साली ‘झाडाझडती’ हे नाव दिले. हा शब्द पोलिसी व्यवहारातला. सत्ता ज्याची घेते त्याने तो उलटा सत्तेवर रोखावा, अशी शक्यता त्या नावात आहे. साहित्य अकादेमीने १९९२ साली त्या कादंबरीचा गौरव केला. आपली समीक्षा मात्र बहुतांशी ‘विस्थापितांच्या वेदनेचे चित्रण’ एवढ्यावर थांबली. वेदना हा शब्दही कर्ता विचारत नाही. ‘धरणग्रस्तांचे साहित्य’ असा अभ्यासविषय आम्ही प्राध्यापक विद्यार्थ्यांना सुचवितो, तेव्हा शासनाच्या दप्तरातील संज्ञा न तपासताच वाङ्‌मयाच्या दप्तरात नोंदवितो. समीक्षेने धोरणे आखावीत अशी अपेक्षा कोणी करणार नाही. वाक्यातून कोणते पद गळाले हे सांगणे मात्र तिचेच काम आहे, आणि ते तिच्यावाचून दुसरे कोणी करणार नाही.