गॅलरीतले पंच

गोल्फवाले चिडले की काठी भिरकावतात म्हणे. लालबागच्या चाळीत भिरकावली तर समोरच्या बिऱ्हाडात पडायची! म्हणून आमचा राग क्रिकेटवर.

1980 साली वानखेडेवर कप्तान विश्वनाथने पंचांनी बाद दिलेल्या बॉब टेलरला परत बोलावलं. टेलर-बोथमनी 171 धावा जोडल्या, इंग्लंड दहा गडी राखून जिंकलं. गॅलरीतले तात्या कडाडले, "मोठा कर्ण लागून गेला!" मला मात्र बोथमच्या तेरा बळींपेक्षा ती एक हाक मोठी वाटते.

1981 साली मेलबर्नला पायचीत दिल्यावर गावसकर भडकला, चेतन चौहानलाही घेऊन निघाला. व्यवस्थापकांनी चौहानला सीमेवर थोपवलं, म्हणून सामना वाचला. तो आपण 59 धावांनी जिंकलो. तात्या म्हणाले, "माणूस असा पाणीदार हवा!"

गावसकरने पुढे खेद व्यक्त केला. आमच्या गॅलरीने अद्याप केलेला नाही.