लष्करी तळांतील फेरबदल आणि दोस्त राष्ट्रांची प्रतिक्रिया : स्नायडर यांच्या उपपत्तीची चिकित्सा

परराष्ट्रातील लष्करी तळ वाढविले, हलविले अथवा उठविले, म्हणजे ज्याच्या भूमीवर ते उभे असतात त्या दोस्त राष्ट्राची प्रतिक्रिया कशी होते, या प्रश्नाचा विचार करताना ग्लेन स्नायडर या अमेरिकन अभ्यासकाच्या १९८४ मधील निबंधाचा आधार आजही सर्रास घेतला जातो. बलिष्ठ मित्राशी करार केलेल्या राष्ट्राला दोन भये ग्रासतात, असे स्नायडर यांचे प्रतिपादन आहे. मित्र ऐन वेळी सोडून जाईल, हे परित्यागाचे भय. आणि ज्यात आपला काही संबंध नाही अशा त्याच्या युद्धात आपण ओढले जाऊ, हे दुसरे भय. एकावर उपाय करावा तो दुसरे बळावते. मित्रांतील कुरबुरी केवळ गैरसमजातून उद्भवत नसून त्यांच्या मुळाशी हितसंबंधांचा खरा पेच असतो, हे दाखवून दिले, हे या उपपत्तीचे निर्विवाद श्रेय होय. तथापि तळांच्या प्रश्नाला ती जशीच्या तशी लावली असता तीन ठिकाणी अपुरी पडते.

जग दोन महासत्तांत विभागलेले असता परित्यागाचे भय सौम्य असते, कारण महासत्तेला स्वार्थासाठीच मित्राचे रक्षण करावे लागते, असे स्नायडर मानतात. पश्चिम युरोपपुरते हे बव्हंशी पटण्याजोगे आहे. दक्षिण कोरियाचा अनुभव मात्र निराळा आहे. आशियातील मित्रांनी स्वसंरक्षणाचा भार मुख्यतः स्वतः उचलावा, हे धोरण अध्यक्ष निक्सन यांनी १९६९ मध्ये ग्वाम येथे जाहीर केले. आणि १९७१ पर्यंत सुमारे २० हजार सैनिकांची एक संपूर्ण डिव्हिजन कोरियातून परत गेली. त्या वेळी कोरियाचे सुमारे ५० हजार सैनिक अमेरिकेच्या बाजूने व्हिएतनाममध्ये लढत होते, आणि कोरियात ४० हजारांहून अधिक अमेरिकन सैन्य शिल्लक होतेच. तरीही पार्क चुंग-ही यांच्या सरकारने तीव्र विरोध केला, सैन्याच्या आधुनिकीकरणासाठी दीड अब्ज डॉलरांच्या साहाय्याचे आश्वासन मिळविले आणि पुढे गुप्तपणे अण्वस्त्रांच्या मार्गास लागले. फ्रान्सकडून घ्यावयाच्या अणुइंधन-प्रक्रिया यंत्रणेचा करार अमेरिकेच्या दडपणाखाली १९७६ मध्ये सोडून द्यावा लागला, हे सर्वश्रुत आहे. जग द्विध्रुवी असूनही येथे भय सौम्य झाले नाही. मागे राहिलेल्या सैन्याच्या संख्येने सोलचे समाधान झाले नाही, याचे कारण उघड आहे : आपल्या संमतीवाचून असा निर्णय होऊ शकतो, हे एकदा सिद्ध झाले होते.

दुसरी उणीव अधिक मूलगामी आहे. स्नायडर यांच्या मांडणीत राष्ट्राला एकच मन असते. फिलिपाइन्समध्ये हे गृहीतक टिकत नाही. १९४७ च्या तळविषयक कराराची मुदत १९९१ च्या सप्टेंबरात संपत होती. अध्यक्षा कोराझोन अक्विनो सुबिक येथील नाविक तळ आणखी दहा वर्षे ठेवण्याच्या बाजूच्या होत्या. सिनेटने १६ सप्टेंबर रोजी १२ विरुद्ध ११ मतांनी तो नवा करार फेटाळला. क्लार्क येथील विमानतळ पिनाटुबो ज्वालामुखीच्या उद्रेकामुळे अमेरिकेने आधीच सोडला होता. सुबिक १९९२ मध्ये रिकामा झाला. येथे ‘फिलिपाइन्सची प्रतिक्रिया’ कोणती मानावयाची, अध्यक्षांची की सिनेटची? विरोधकांच्या मनात यांपैकी कोणतेही भय मुख्य नव्हते. त्यांच्या दृष्टीने प्रश्न सार्वभौमत्वाचा होता. शिवाय १९५१ चा परस्पर-संरक्षण करार त्यांनी मोडला नाही. तळ नको, पण मैत्री हवी, ही भूमिका दोन भयांच्या चौकटीत बसविता येत नाही. पुढे दक्षिण चीन समुद्रातील तंटा वाढला, तेव्हा याच राष्ट्राने १९९८ व २०१४ च्या करारांनी अमेरिकन सैन्याला पुन्हा वाट दिली. २०२३ मध्ये अशा ठिकाणांची संख्या नऊवर गेली. मात्र ती ठिकाणे फिलिपिनो तळांच्याच नावाने आहेत.

तिसरी उणीव सिंगापूरच्या उदाहरणाने स्पष्ट होते. १९६७ च्या नोव्हेंबरात पौंडाचे अवमूल्यन झाले, आणि खर्चकपातीसाठी सुवेझच्या पूर्वेकडील सैन्य ठरल्यापेक्षा बरेच आधी काढून घेण्याचे ब्रिटिश मंत्रिमंडळाने ठरविले. ब्रिटिश तळांपासून सिंगापूरला राष्ट्रीय उत्पन्नाचा सुमारे एक-पंचमांश भाग मिळत असे. म्हणजे परित्यागाचे भय येथे शत्रूच्या आक्रमणाइतकेच बेकारीचे होते. पंतप्रधान ली कुआन यू १९६८ च्या जानेवारीत लंडनला गेले आणि मार्च १९७१ ही मुदत त्याच वर्षाच्या डिसेंबरपर्यंत वाढवून घेऊन परतले. मुदतवाढ अवघी नऊ महिन्यांची. पण त्या चार वर्षांच्या अवकाशात सेंबावांगची नाविक गोदी व्यापारी जहाजांच्या दुरुस्तीकडे वळविण्यात आली, स्वतःचे सैन्य उभारण्याचे काम पुढे नेण्यात आले, आणि १९७१ मध्ये ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड व मलेशिया यांच्यासह पाच राष्ट्रांची संरक्षणव्यवस्था सिद्ध झाली. ही व्यवस्था आक्रमणप्रसंगी केवळ विचारविनिमयाचे बंधन घालते. जुन्या हमीच्या मानाने ती दुबळी खरी. परंतु सिंगापूरने तिच्याकडे एकमेव आधार म्हणून पाहिलेच नाही. स्नायडर यांच्या उपपत्तीत काळ हा घटक जवळजवळ नाही. येथे तर वाटाघाटीचा सारा विषयच काळ हा होता.

यावरून स्नायडर यांची उपपत्ती त्याज्य ठरते असे नव्हे. कोरियाच्या वर्तनात परित्यागाचे भय आहेच. त्याखेरीज ते वर्तन उलगडत नाही. मात्र त्या भयाचे मान सैनिकांच्या संख्येवरून काढता येत नाही. निर्णय कोणी घेतला, मित्राला आधी विचारले की केवळ कळविले, आणि पर्यायी व्यवस्थेसाठी त्याला किती अवधी मिळाला, या गोष्टी संख्येहून निर्णायक ठरतात. तसेच यजमान राष्ट्राची प्रतिक्रिया केवळ परराष्ट्रमंत्रालयाच्या पत्रकांतून वाचणे हे अर्धेच वाचन होय. कायदेमंडळातील मतदान, गोदीतील कामगारांचे भवितव्य आणि संरक्षणखात्याचे अंदाजपत्रक यांतही तीच प्रतिक्रिया नोंदलेली असते, आणि अनेकदा पत्रकाशी ती जुळत नाही. तळविषयक संशोधनाने ही विसंगती टाळण्याऐवजी तेथूनच प्रारंभ करणे अधिक फलदायी ठरेल.