लवकर बरं होणं वेगळं आणि गंभीर होणं टळणं वेगळं

माझ्या एका ज्युनिअरने परवा सिनॉप्सिस वाचायला दिला. विषय चांगला आहे: मावळातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत येणारी विंचूदंशाची लहान मुलं. पण दुसऱ्याच पानावर एक वाक्य होतं, 'प्रतिविषामुळे मूल गंभीर होणं टळतं हे सिद्ध झाले आहे', आणि संदर्भ म्हणून बावस्करांचा 2011 चा बीएमजेमधला निबंध. तिथेच मी अडकलो, कारण निबंध तसं म्हणत नाही.

आधी थोडी पार्श्वभूमी. लोणावळ्याचा घाट उतरला की रायगड जिल्हा सुरू होतो. त्याच जिल्ह्यात दक्षिणेला महाड आहे. डॉ. हिंमतराव बावस्करांनी महाडजवळच्या बिरवाडीच्या सरकारी केंद्रात लाल विंचवाचे रुग्ण पाहायला सुरुवात केली. उलटी, दरदरून घाम आणि गार पडलेले हातपाय ही हृदयावरच्या संकटाची आगाऊ सूचना असते, हे त्यांनी 1982 मध्ये लॅन्सेटमध्ये मांडलं. 1986 मध्ये त्याच नियतकालिकात प्राझोसिन आलं. ही साधी तोंडाने घ्यायची गोळी, ना ड्रिप लागते ना आयसीयू. मृत्यूचं प्रमाण साधारण 30 टक्क्यांवरून 1 टक्क्याच्या आसपास आल्याचं ते सांगतात. आधीच्या काळाशी केलेली तुलना म्हणून यावर शंका घेता येईल (त्याच काळात रस्ते आणि गाड्याही वाढल्या), पण एवढा मोठा फरक नुसत्या रस्त्यांनी पडला असेल असं मला वाटत नाही.

आता 2011 चा निबंध. लेखक डॉ. हिंमतराव आणि डॉ. प्रमोदिनी बावस्कर. सहा महिन्यांवरचे 70 रुग्ण, सगळे ग्रेड 2 चे, म्हणजे विष अंगभर भिनलंय पण फुप्फुसात अजून पाणी साचलेलं नाही. 35 जणांना प्राझोसिन आणि प्रतिविष (गावात याला 'विंचवाची लस' म्हणतात), 35 जणांना नुसतं प्राझोसिन. दहा तासांनी पूर्ण बरे झाले पहिल्या गटात 32, दुसऱ्यात 8. बरं व्हायला सरासरी 8 तास विरुद्ध 17.7 तास. फरक डोळ्यात भरणारा आहे.

पण सारांशातच पुढे आहे: वरच्या ग्रेडला गेलेले रुग्ण पहिल्या गटात 4, दुसऱ्यात 5. हे कुणी वाचतच नाही! आमच्या सिनॉप्सिसचं वाक्य नेमकं याच आकड्यांवर उभं राहायला हवं होतं, आणि ते उभं राहत नाही. उलटं टोकही गाठू नका. '4 आणि 5, म्हणजे लसीचा उपयोग नाही' हेही चूकच. एवढा लहान फरक खरा असेल तर तो पकडायला नेहमीच्या हिशोबाने (80 टक्के पॉवर, 5 टक्के सिग्निफिकन्स) प्रत्येक गटात दोन हजारांहून जास्त रुग्ण लागतील. इथे 35 आहेत. या प्रश्नावर ही ट्रायल गप्प आहे, एवढंच म्हणता येतं.

दुसरी अडचण ओपन लेबलची. कुणाला काय दिलंय हे डॉक्टरांना माहीत होतं. रक्तदाब यंत्र मोजतं, पण घाम थांबला का, हातपाय गरम झाले का, हे शेवटी माणूसच ठरवतो. 32 विरुद्ध 8 चा सगळा फरक यातून आला असेल असं मी म्हणत नाही, थोडा आला असेल. आणि हे सगळं घडलं एकाच दवाखान्यात, विंचूदंशाचा एवढा अनुभव असलेल्या माणसाच्या नजरेखाली. नाणे मावळातल्या केंद्रात रात्री एकटा असलेला मेडिकल ऑफिसर तसाच निकाल मिळवेल का, हा प्रश्न उरतोच.

मग ज्युनिअरचा विषय बाद झाला का? मुळीच नाही. मला तर तो आता जास्त आवडायला लागलाय. भातकापणीच्या दिवसांत पेंढा उचलताना पोराला विंचू चावला, केंद्रात प्राझोसिन आहे, लस नाही. अशा वेळी लसीसाठी मुलाला लगेच तळेगावला हलवायचं, की गोळी देऊन तिथेच दर थोड्या वेळाने नाडी आणि श्वास बघत बसायचं? लस फक्त लवकर बरं करत असेल तर अंधारातल्या प्रवासाचा धोका कदाचित परवडणार नाही. ती फुप्फुसात पाणी होणं रोखत असेल तर मात्र गाडी काढायलाच हवी.

मी त्याला ते वाक्य खोडायला लावलं आणि त्या जागी हाच प्रश्न लिहायला सांगितला. गाईडला तो 'फार छोटा' वाटला. पुढच्या सोमवारी पुन्हा मीटिंग आहे.