पायाचा रोग, रक्ताची साक्ष

चालताना पोटरी दुखते, थांबले की दुखणे थांबते. पायाच्या धमन्या अरुंद झाल्याचे हे परिचित लक्षण. पण अनेक रुग्णांत ते दिसतच नाही. मग रक्त तपासून रोग ओळखता येईल का? २००७ साली अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठातील जॉन कुक व सहकाऱ्यांनी 'सर्क्युलेशन' या नियतकालिकात अशी एक खूण मांडली: बीटा-२ मायक्रोग्लोब्युलिन हे प्रथिन.

या कामाचा गुण आधी सांगू. आधीच एखादे प्रथिन मनात न धरता त्यांनी रक्तातील अनेक प्रथिनांची तुलना केली. खूण सापडल्यावर ती आणखी लोकांत पडताळली.

तरीही आमच्या शंका आहेत. हे प्रथिन शरीरातील बहुतेक सर्व पेशींवर असते आणि रक्तातून ते मूत्रपिंडे गाळून काढतात. मूत्रपिंडे थकली की त्याचे प्रमाण वाढते. मधुमेह्यांत पाय आणि मूत्रपिंडे दोन्ही बिघडू शकतात. मग ही साक्ष कोणाची समजायची? २००८ साली याच गटाने चार घटकांचा संच सुचवला. त्यातील सिस्टॅटिन-सी तर मूत्रपिंडांचे काम मोजण्यासाठीच वापरतात!

दुसरी शंका गणिताची. समजा, १००० जणांत ५० रुग्ण आहेत. चाचणी ९० टक्के रुग्ण ओळखते व ८० टक्के निरोग्यांना निरोगी ठरवते. म्हणजे ४५ रुग्ण सापडतील. पण ९५० निरोग्यांपैकी १९० जणांवरही शिक्का बसेल. दोषी ठरलेल्या २३५ जणांत खरे रुग्ण पाचांत एकही नाहीत. हे उदाहरण वर्गात फळ्यावर जरूर सोडवावे.

तिसरी गोष्ट तुलनेची. घोट्याजवळचा वरचा रक्तदाब भागिले दंडातील वरचा रक्तदाब, हे गुणोत्तर ०.९० किंवा कमी आले तर रोग मानतात. संशोधकांनी रुग्ण निवडले तेही याच मापाने. मात्र मधुमेहात धमन्या कडक झाल्या तर हे गुणोत्तर १.४० च्याही वर जाऊन फसवते. रक्तातील खुणेची खरी गरज तेथे आहे, आणि तिची परीक्षाही तेथेच घ्यायला हवी. नाहीतर पाय गमावण्याची भीती ज्यांना सर्वात जास्त, त्यांनाच तिचा उपयोग होणार नाही.

दोन गोष्टी एकत्र वाढल्या म्हणजे एक दुसरीची खूण ठरली, असे नव्हे. विद्यार्थ्यांनी या शोधातून एवढे घेतले तरी पुष्कळ झाले.