थिएटर, तमाशा आणि आपण

मराठी नाट्यसमीक्षा वाचताना 'थिएटर' हा शब्द आता सर्रास भेटतो. 'तो थिएटर करतो' असे लिहिले की माणूस गंभीर ठरतो, 'नाटकात काम करतो' म्हटले की हौशी, आणि 'तमाशात आहे' म्हटले की विषयच संपतो. काम एकाच जातीचे, प्रतिष्ठा मात्र शब्दागणिक बदलते.

या उतरंडीचा अनुभव मला शाळेत आला. सुट्टीत मुलींसाठी नाट्यशिबिर ठेवले आणि पालकांच्या चिठ्ठीत ऐटीत 'थिएटर वर्कशॉप' लिहिले. दुसऱ्या दिवशी एका मुलीचे अब्बा आले. "टीचर, हमारी बच्ची थेटर में नहीं जाएगी." त्यांच्या लेखी थेटर म्हणजे सिनेमाचे टॉकीज. चूक त्यांची नव्हती, माझ्या शब्दाची होती. मुलगी मात्र शिबिराला मुकली.

शब्दांची मुळे पाहिली तर ही उतरंड टिकत नाही. ग्रीक 'थिएट्रॉन' म्हणजे पाहण्याची जागा. 'तमाशा' मुळात अरबी, सोबतीने चालण्या-फिरण्याचा. फारसीत त्याला पाहण्याचा अर्थ आला. 'प्रेक्षक' या शब्दातही पाहणेच आहे. तिन्ही वाटा शेवटी डोळ्यांपाशी येतात. उर्दूतला 'तमाशाई' पाहणारा. मराठीतला 'तमासगीर' आज फडात उभा राहणारा कलावंत. केवढा हा प्रवास! तरीही दोन्ही भाषांत 'तमाशा करू नकोस' हे दटावणेच आहे.

मराठी रंगभूमीचा इतिहास सांगलीत १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी केलेल्या 'सीता स्वयंवर'पासून मोजला जातो. पण उत्तर पेशवाईतच लावणी-तमाशाचा फड रंगत होता, आणि त्यात सगनभाऊंसारखा मुसलमान शाहीर मानाने उभा होता. आरंभ १८४३चा धरला की तो फड 'रंगभूमी'च्या बाहेर राहतो. शब्दाची व्याख्या करणारा कोणाला आत घ्यायचे हेही ठरवतो. म्हणून समीक्षकाने इमारतीला नाट्यगृह म्हणावे, प्रयोगाला नाटक म्हणावे, आणि तमाशाला तमाशाच म्हणावे. फक्त नाक न मुरडता.

यंदा चिठ्ठीत मी साधे लिहिले : 'मुली शाळेच्या हॉलमध्ये नाटक बसवणार आहेत. घरच्या सर्वांनी पाहायला यावे.'