विजेची सायकल : पत्रक आणि हिशेब

‘एका चार्जिंगमध्ये ६० किलोमीटर!’ असे मोठ्या अक्षरांत छापलेले पत्रक घेऊन आमचे एक शिक्षक-मित्र आले. शाळा घरापासून ११ किलोमीटर, वाटेत एक चढ. रोज जायला-यायला ही घ्यावी का, असा त्यांचा प्रश्न. पत्रकाच्या तळाशी बारीक अक्षरांत लिहिले होते : बॅटरी ३६ व्होल्ट, १० अँपिअर-तास, मोटर २५० वॅट. आमच्या मते वाचण्याजोगी ओळ तेवढीच होती.

व्होल्टला अँपिअर-तासांनी गुणले की वॅट-तास मिळतात. बॅटरीत ऊर्जा आहे ३६० वॅट-तास. पायडल न मारता, थांबत-निघत, ताशी २० किलोमीटरच्या आसपास जायचे तर किलोमीटरला साधारण १० वॅट-तास लागतात. म्हणजे पल्ला ३६ किलोमीटर. मग ६० कुठून आले? उरलेले काम स्वाराच्या पायांचे! आकडा खोटा नाही, पण पायांचा उल्लेख पत्रकात कुठेच नाही, ही आमची तक्रार आहे.

चढाचे काय? मित्राने नववीच्या मुलांकडून तो मोजून घेतला. एक मीटर लांबीची फळी रस्त्यावर उताराच्या दिशेने धरून पाणसळीने आडवी केली. खालच्या टोकाशी ७ सेंटिमीटर अंतर राहिले. म्हणजे चढ शेकडा ७. स्वार व सायकल मिळून १०० किलो धरले, तर ताशी १५ किलोमीटर वेगाने तो चढायला नुसत्या उंचीसाठीच सुमारे २८५ वॅट हवेत. मोटर २५० वॅटची. उरलेले पायांनीच द्यायचे. मोठी मोटर का नाही? २५० वॅट आणि ताशी २५ किलोमीटर या मर्यादेतली, वजनाने हलकी सायकल आपल्याकडे मोटारवाहन ठरत नाही. नोंदणी, लायसन्स काही लागत नाही.

तेव्हा हिला स्कूटर समजून घेणारा फसेल. पण सायकल म्हणून पाहिले तर? रोजच्या २२ किलोमीटरला २२० वॅट-तास पुरतात. बॅटरी जुनी होऊन तिची क्षमता शेकडा ८० वर आली तरी २८८ उरतात. चार्जरमधली घट धरून रोज पाव युनिट वीज. लिटरला ५० किलोमीटर जाणारी स्कूटर तेवढ्याच अंतराला जवळजवळ ४ युनिटांइतकी पेट्रोलची ऊर्जा जाळते. ‘वीज तरी कोळशाचीच ना?’ हा आक्षेप रास्त आहे. पाव युनिटामागे वीजकेंद्रात एक युनिटाइतका कोळसा जळतो असे सढळ हाताने धरले, तरी खर्च चौथा हिस्साच होतो.

खरी अडचण वेगळीच आहे. वीस-पंचवीस किलोंची सायकल तिसऱ्या मजल्यावर नेणार कोण? (बॅटरी तेवढी काढून वर नेता येते.) आणि ताशी २० किलोमीटरने जाणाऱ्या माणसाला मागून येणाऱ्या ट्रकपासून वाचवील अशी वेगळी वाट आपल्या बहुतेक रस्त्यांवर नाही. तिचा हिशेब कोणत्याच पत्रकात सापडणार नाही.

मित्राने सायकल घेतली. भर पावसात मात्र ते एस.टी.ने जातात.